पन्नास वाव खोल

“ज्या माणसाला विहिरीत उतरायची भीती वाटते, तो पाणबुड्याचे घड्याळ कशासाठी बनवतो?” असा प्रश्न विदर्भातील एका वाचक भगिनीने पत्रातून विचारला आहे. त्यांचे यजमान ६१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या हिशेब खात्यातून ते निवृत्त झाले. पहिले वर्ष वर्तमानपत्र आणि झोप यांत गेले. आता मात्र देवघराशेजारच्या खोलीत टेबलावर पांढरा कागद अंथरून ते जुन्या धाटणीचे, पाणबुडे वापरत तसे मनगटी घड्याळ सुट्या भागांतून जुळवीत बसतात. पत्रातील सूर तक्रारीचा कमी आणि काळजीचा अधिक आहे. डोळ्यांचे काय होणार, ही एक काळजी. घरात अडीच वर्षांची नात आहे, ही दुसरी. तिसरी त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी, जणू सहज आठवली म्हणून लिहिली आहे: सेकंदकाटा बसवताना यजमानांचा उजवा हात थरथरतो, परवा त्यांनी चिमटा आपटला, आणि तीन दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत. सासऱ्यांना कंपवात होता. यजमान डॉक्टरांचे नाव काढू देत नाहीत.

शेवटच्या ओळींसाठीच हे पत्र लिहिले गेले असावे, असे मला वाटते. तथापि ताईंचा पहिला प्रश्नही उत्तर देण्याजोगा आहे.

पाणी ही घड्याळाची जुनी वैरीण. रोलेक्स कंपनीने १९२६ साली ‘ऑयस्टर’ नावाचे बंदिस्त कवच आणले आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश जलतरणपटूने ते घड्याळ सोबत घेऊन इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात उडी घेतली. त्या दिवशी थंडीमुळे तिला खाडी पार करता आली नाही, पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही घड्याळ चालूच होते. जाहिरात झाली ती घड्याळाची. पाण्याखाली श्वास घेत काम करणाऱ्या माणसासाठी खास रचलेले एक महत्त्वाचे घड्याळ १९५३ साली आले. स्वित्झर्लंडमधील ब्लाँपां या कंपनीचे प्रमुख झाँ-जाक फिश्टर स्वतः हौशी पाणबुडे होते. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा वेळेचे भान सुटल्यामुळे त्यांच्या नळकांड्यातील हवा संपत आली होती. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांचे पथक उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही त्याच सुमारास विश्वासार्ह घड्याळाच्या शोधात होते. या दोन गरजांतून जे घड्याळ घडले, त्याचे नाव ‘फिफ्टी फॅदम्स’. फॅदम म्हणजे आपली वाव. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे जे अंतर भरते, ते आपले खलाशी पाण्याची खोली मोजायला वापरत. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सची ‘सबमरीनर’ हीदेखील त्याच काळातली. जपानच्या सेइको कंपनीने आपले पहिले पाणबुडी घड्याळ १९६५ साली काढले, तेव्हा त्याची क्षमता १५० मीटर होती.

या घड्याळांचे रूप हौसेने ठरलेले नाही. काळी तबकडी, त्यावर मोठे ठिपके आणि जाड काटे यांमुळे गढूळ अंधारात एका नजरेत वेळ कळते. भोवतीचे फिरते कडे तर थेट जिवाशी जोडलेले आहे. पाण्यात शिरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे पुढे किती मिनिटे गेली ते कड्यावरच वाचता येते. हे कडे एकाच दिशेने, काटे फिरतात त्याच्या उलट फिरते. खडकाला घासून ते चुकून सरकलेच, तर गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. कमी दिसला असता, तर हवा संपली असती किंवा खोलवर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे घाईत वर येताना बुडबुडे झाले असते. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, अशी ही योजना आहे. औषधांच्या मात्रा ठरवतानाही आम्ही हेच पाहतो, म्हणून मला या कड्याचे विशेष कौतुक वाटते. ज्याने आयुष्यभर हिशेबाचे ताळे जुळवले, त्या गृहस्थांना ते आवडले असेल तर नवल नाही. पोहता येण्याची त्याला गरज नाही.

आता हा छंद प्रत्यक्षात काय आहे, ते पाहू. बहुतेक हौशी मंडळी यंत्रणा स्वतः घडवीत नाहीत. घड्याळजी जिला सरळ ‘मशीन’ म्हणतात, ती तयार घेतात. तिच्यात सेइकोची ‘एनएच ३५’ ही सर्वांत प्रचलित. मनगटाच्या हालचालीवर ती आपोआप चावी घेते, तासाला २१,६०० ठोके देते आणि पूर्ण चावी दिल्यावर सुमारे ४१ तास चालते. याच कंपनीचे १९९६ साली आलेले ‘एसकेएक्स००७’ हे घड्याळ जगभर इतके पसरले, की त्याच्या मापाची कवचे, काचा, कडी आणि तबकड्या बनवणारा एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला. त्यांतून आपल्या आवडीचे भाग निवडायचे आणि घरी जुळवायचे.

जुन्या धाटणीसाठी काच घुमटाकार घेतात आणि चमकणारा रंग पांढऱ्याऐवजी सायीसारखा पिवळसर. तबकडीला मागून बारीक पाय असतात. चावी तीनच्या जागी आहे की चारच्या, त्यानुसार कोणते पाय ठेवायचे व कोणते कापायचे हे ठरते. मग चावी फिरवत तारीख बदलण्याच्या नेमक्या क्षणी थांबायचे आणि त्याच स्थितीत तासकाटा व मिनिटकाटा बारावर बसवायचे, नाहीतर तारीख दुपारी चारला बदलू लागते. चावीची दांडी लांब येते. ती थोडी कापायची, लावून पाहायची, पुन्हा थोडी कापायची. एकदा आखूड झाली की गेली. सर्वांत कठीण सेकंदकाटा. तो ज्या टोकावर बसतो त्याची जाडी ०.२० मिलिमीटर, म्हणजे केसाच्या दुपटी-तिपटीइतकी. तो बसला, तर काचेच्या आत एक धुळीचा कण दिसतो. मग सारे पुन्हा उघडायचे. तबकडीवर दुसऱ्या कंपनीचे नाव छापून घेण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. कोरी तबकडी अधिक प्रामाणिक असते आणि माझ्या मते अधिक देखणीही.

असे काम प्रकृतीला चांगले का? नेचर मेडिसिन या नियतकालिकात २०२३ साली १६ देशांतील ६५ वर्षे व त्यावरील ९३ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असलेल्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. अशा अभ्यासावरून छंदामुळेच मन प्रसन्न राहते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण मुळात प्रसन्न व निरोगी माणसेच छंद धरतात असेही असू शकते. तरीपण निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात झोपून राहणारा माणूस दुसऱ्या वर्षी सकाळी उठून खोलीतला दिवा लावतो, याला वैद्यकीय दृष्टीने मी महत्त्व देतो. तेव्हा ताई, खोली बंद करण्याचा विचार मनातून काढून टाका.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. पत्रात ओघाने आले आहे की यजमान आता १९५० च्या दशकातले एखादे खरे, बंद पडलेले घड्याळ विकत घेऊन ते उघडणार आणि त्याचे काटे आपल्या घड्याळात वापरणार. हे घरी करू नये.

त्या काळातील अनेक घड्याळांच्या ठिपक्यांत आणि काट्यांत रेडियम असे. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड उजळते, म्हणून तबकडी रात्रभर चमके. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज या गावी १९१७ पासून तरुण मुली हा रंग तबकड्यांवर भरीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरून निमुळते करण्याची त्यांना शिकवण होती. शरीर रेडियमला कॅल्शियमप्रमाणे वागवते आणि हाडांत साठवते. काही वर्षांत त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजली, रक्तक्षय झाला, पुढे हाडांचे कर्करोगही आढळले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी स्त्रियांनी कंपनीवर दावा लावला, तो १९२८ साली तडजोडीने मिटला. एवढे होऊनही रेडियमचा रंग घड्याळांतून पूर्णपणे गेला नाही. १९६० च्या दशकात त्याची जागा बऱ्याच अंशी सौम्य अशा ट्रिटियमने घेतली आणि १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग मुळीच नसलेली, उजेड शोषून तो अंधारात परत देणारी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड आली. आज सुटे भाग म्हणून मिळणाऱ्या नव्या तबकड्यांवर असते ती सहसा हीच. तिचा पिवळसर रंग निव्वळ रंग असतो.

यातली फसगत अशी, की जुने घड्याळ आता अंधारात चमकत नाही, म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. चमक जाते ती झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियम तिथेच असते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात, म्हणजे सत्तर वर्षांत ते जवळपास जसेच्या तसे आहे. घड्याळ बंद असते तोवर रेडियमचे मुख्य किरण काच आणि पोलाद अडवतात. उघडल्यावर धोका वाढतो. वाळून ठिसूळ झालेल्या रंगाचे कण टेबलावर पडतात, बोटांना लागतात, श्वासातून वा चहाच्या कपातून पोटात जातात, आणि रांगत्या-खेळत्या मुलाच्या हाती तर लागतातच. रेडियममधून रेडॉन हा वायूही निघतो, म्हणून अशी घड्याळे कपाटात साठवून ती झोपण्याच्या खोलीत ठेवणेही बरे नव्हे. वडिलोपार्जित घड्याळ असेल, तर ते बंद ठेवावे आणि दुरुस्ती करायचीच असल्यास घड्याळजीला आधी रेडियमची कल्पना द्यावी. यजमानांना जुनेपणाची ओढ आहे, ती नव्या सायीच्या रंगाने भागेल.

पाण्याविषयी थोडे. नव्या कवचावर ‘२०० मीटर’ कोरलेले असते, पण तो आकडा कारखान्यात, नीट बसवलेल्या रबरी वॉशरांसह खरा असतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो, आणि घरी पाठीचे झाकण लावताना वॉशरखाली आलेला एक धागाही तो दाब आत घेतो. पाणबुडी घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या मानकात प्रत्येक घड्याळ नमूद खोलीच्या सव्वापट दाबाला तपासावे लागते. घरच्या घड्याळासाठी वॉशरला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे आणि दाबयंत्र असलेल्या घड्याळजीकडून ते कोरड्या हवेत तपासून घ्यावे. तोवर ते पावसापुरतेच. पोहायला शिकायची इच्छा कधी झाली, तर त्यासाठी घड्याळ लागत नाही.

नातीबद्दल. या प्रकारच्या घड्याळात बॅटरी नसते, म्हणून तुम्ही निश्चिंत आहात असे पत्रावरून दिसते. पण छंदाच्या टेबलावर तिच्या बहिणी असतात: दिव्याच्या भिंगात, रंग चमकवायच्या छोट्या जांभळ्या टॉर्चमध्ये, वजनकाट्यात. नाण्यासारखी चपटी लिथियम बॅटरी, विशेषतः २० मिलिमीटरची, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली, तर तिच्या विद्युतप्रवाहाने दोन तासांच्या आत तीव्र भाजल्यासारखी जखम होऊ लागते. मूल गिळताना कुणी पाहिलेले नसते. लाळ गळणे, खाण्यास नकार, खोकला एवढीच लक्षणे असू शकतात. नुसती शंका आली तरी थेट क्ष-किरण सुविधा असलेले रुग्णालय गाठावे. उलटी करवू नये, वाट पाहू नये. मूल एक वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झालेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, असे सहा वेळांपर्यंत देण्याचा सल्ला विषबाधा केंद्रे देतात. त्याने जखम मंदावते. मधासाठी मात्र निघायला उशीर करू नये. टेबलाला झाकणाचा खोका आणि खोलीला वरची कडी, हे आजच करून घ्या. बेंझीन, गोंद आणि पट्ट्याच्या स्प्रिंगच्या पिनाही त्याच खोक्यात जाव्यात. या पिना निसटून उडतात, म्हणून पट्टा लावताना यजमानांनी चष्मा घातलेला असावा.

डोळ्यांची काळजी मात्र अनाठायी आहे. बारीक काम केल्याने चष्म्याचा नंबर वाढत नाही किंवा दृष्टी झिजत नाही. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, त्याने डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर पाहिले की पुरे. भिंग डोळ्याला लावताना दुसरा डोळा मिटून न घेता उघडा ठेवायचा सराव करावा. खरा त्रास होतो तो मानेला. जेवणाच्या टेबलावर वाकून काम केले की महिनाभरात मान आखडते. घड्याळजीचे टेबल छातीच्या उंचीचे असते, ते उगाच नव्हे. काम डोळ्यांपर्यंत वर आले पाहिजे आणि दोन्ही कोपरे टेकलेली असली पाहिजेत.

आता हाताविषयी.

थरथर प्रत्येकाच्या हातात असते. निरोगी माणसाने हात पुढे धरला, तरी तो सेकंदाला आठ ते बारा वेळा इतका बारीक थरथरतो की एरवी दिसत नाही. ०.२० मिलिमीटरच्या टोकापाशी ती दिसते. कडक चहा, कमी झोप, राग, दम्याचा पंप, वाढलेले थायरॉइड यांनी ती वाढते. त्यामुळे हात थरथरला म्हणून काटा बसला नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा प्रकार इसेन्शियल ट्रेमरचा. तो काम करताना, कप उचलताना, सही करताना दिसतो, सहसा दोन्ही हातांत असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. तो त्रासदायक असला, तरी कंपवात नव्हे. कंपवातातील थरथर सुरुवातीला बहुधा एकाच बाजूला आणि हात मांडीवर निवांत पडलेला असताना दिसते. अंगठा व तर्जनी जणू गोळी वळत असतात, आणि हात कामाला लागला की ती अनेकदा कमी होते. तिच्यासोबत हालचाल मंदावते, चालताना एक हात झुलत नाही, अक्षर लहान-लहान होत जाते, वास कमी येतो. ताईंनी जे लिहिले आहे त्यात थरथर कामाच्या वेळी आहे. निवांत असताना हात कसा असतो, ते पत्रात नाही. वर्तमानपत्र वाचताना, दूरदर्शन पाहताना त्यांच्या नकळत पाहावे. वडिलांना कंपवात असल्याने मुलाचा धोका थोडा वाढतो, पण बहुतेक रुग्णांच्या मुलांना तो होत नाही. हे वाक्य यजमानांना वाचून दाखवावे. चिमटा आपटला गेला तो काट्यामुळे नसून वडिलांच्या आठवणीमुळे, असा माझा अंदाज आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करू नये. कुणाच्या सांगण्यावरून थरथर थांबवण्याची गोळी आणून देऊ नये. यासाठी वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला घातक ठरू शकते. तपासणी मात्र व्हावी, आणि ती आताच व्हावी. इसेन्शियल ट्रेमर निघाला, तर उपाय आहेत. कंपवात निघाला, तर लवकर सुरू झालेल्या औषधांनी आणि व्यायामाने पुढची अनेक वर्षे हाताशी राहतात. काहीच निघाले नाही, तर चहा कमी करून आणि कोपरे टेकवून सेकंदकाटा बसेल.

‘डॉक्टरकडे चला’ असे म्हटल्याने ते येणार नाहीत. त्यांना एक काम द्या. कोऱ्या कागदावर, मनगट न टेकवता, मधून बाहेर जाणारे चक्राकार वळण प्रत्येक हाताने एकेकदा काढायला सांगा. त्याखाली तीन ओळी मजकूर आणि सही. तारीख घालून ठेवा. आठ दिवसांनी सकाळी, चहापूर्वी, पुन्हा तेच. मेंदूविकारतज्ज्ञ हीच चाचणी घेतात आणि थरथर कोणत्या जातीची आहे याचा पहिला अंदाज त्यांना त्या रेषेवरून येतो. हिशेब खात्यातला माणूस दोन कागद शेजारी ठेवून फरक स्वतःच शोधेल. ते दोन्ही कागद, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणि मागच्या वर्षीची त्यांची एखादी जुनी सही सोबत घेऊन आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइडची रक्ततपासणी तेथेच होईल. पुढे कुणाकडे जायचे, ते तेच सांगतील.